रिडक्शन सेल

माझ्या लग्नाच्या वेळी वडिलांनी स्थळांना पाठवायच्या कागदावर शिक्षणापुढं लिहिलं होतं: 'बारावी झाली (सायन्स)'. यात खोटं काही नव्हतं. बारावी झाली होती आणि सायन्सच होतं. केमिस्ट्रीत शंभरातून अठ्ठावीस पडले आणि पोरगी नापास झाली, तेवढं कागदावर मावलं नाही.

'झाली' हा फार सोयीचा शब्द आहे. भाजी झाली असं कुणी आतून ओरडलं तर ती जमली की करपली, हे ताट वाढेपर्यंत कळत नाही. माझी बारावी ताटात वाढायची वेळ वीस वर्षं आली नाही. मला पाहायला आल्या तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, "पोट्टी शिकेल हाये का?" आई म्हणाली, "बारावी झाली ना! सायन्सनं." सासूबाई अकोल्याच्या. त्यांच्या घरात तोवर सायन्सनं कुणीच काही केलेलं नव्हतं. त्यांनी हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली आणि माझ्याकडं नव्यानं पाहिलं. मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं लाजली.

नात मला विचारते, आजी, तू लहानपणी खोटं बोलायचीस का? मी सांगते, लहानपणी नाही गं, मोठी झाल्यावर.

अकोल्याला गेल्या गेल्या 'आमची सून सायन्सची हाये' हे सुरू झालं. गल्लीतल्या बायका खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या घेऊन यायच्या. दीर फवारणीचे डबे आणून पुढं ठेवायचा आणि म्हणायचा, "वहिनी, हे वाचा बरं." मी बारीक अक्षरावरून बोट फिरवायची, थोडी थांबायची आणि म्हणायची, "हं. ऑर्गॅनिक आहे. जपून." डब्यावर कवटी आणि दोन हाडं छापलेली असायची. जपून हे घरातल्या म्हशीलाही कळलं असतं. पण मी सांगितलं की त्याला वजन यायचं.

एका उन्हाळ्यात ऐन पापडांच्या दिवशी पापडखार संपला. खायचा सोडा आणि पापडखार केमिकली एकच असतात, असं मी जाहीर केलं. सासूबाईंनी सायन्सवर विश्वास ठेवला. पाच किलो उडदाचे पापड तळणीत पडले की तांबडेलाल व्हायचे आणि चवीला कपडे धुवायच्या साबणासारखे लागायचे. मी एक तुकडा खाऊन, डोळे मिटून निदान केलं, "उडदात भेसळ आहे." सासूबाई पदर खोचून दुकानदाराशी भांडून आल्या. तो बिचारा वर्षभर आम्हाला मापात दोन मुठी जास्त उडीद घालत राहिला.

आज त्या बाईचं मला हसू येतं. पण तेव्हा ती माझ्याच अंगात राहत होती, म्हणून तिची बाजूही सांगायला पाहिजे. एकदा 'झाली' म्हणून झाल्यावर 'नापास झाली' हे सांगायचं तरी कधी? हळदीच्या अंगानं? पहिल्या बाळंतपणात? माणूस मुहूर्त शोधत राहतो आणि तेवढ्यात पोरगी बारावीला येते.

आमच्या यांची अमरावतीला बदली झाली आणि आमची एकुलती एक लेक खरंच बारावी सायन्सला आली. ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. माझ्या माहेरी, शेंदूरजनाघाटला, भावाच्या बगिच्यातली संत्र्याची झाडं उभ्या उभ्या वाळत होती आणि बोअरमधून पाण्याऐवजी धूळ येत होती. अकोल्याकडं पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, काय चाललं होतं ते रोज पेपरात यायचं, तेही पहिल्या पानावर. घरोघरच्या बापांनी एकच ठरवलं होतं, पोट्ट्यांनी वावरात पाय ठेवायचा नाही. मग ठेवायचा कुठं? सायन्सला. कापसाचं काय व्हायचं ते होवो, केमिस्ट्रीचा पेरा मात्र त्या वर्षांत भलताच वाढला.

त्या पेऱ्याची मळणी व्हायची एका टिनाच्या शेडमध्ये. तिथं एक सर माईकवर केमिस्ट्री शिकवायचे. शेडमध्ये शंभर पोरं. नांदगाव खंडेश्वरची पोरं सकाळच्या पहिल्या एसटीनं यायची, धामणगावची पॅसेंजरनं, आणि अर्धी शेडच्या खांबाला टेकून झोपायची. सर महत्त्वाच्या प्रश्नापुढं चांदण्या द्यायला सांगायचे. एक चांदणी म्हणजे येऊ शकतो, दोन म्हणजे येतो, तीन म्हणजे आलाच समजा. दिवाळीपर्यंत लेकीच्या वहीतल्या प्रत्येक प्रश्नापुढं तीन-तीन चांदण्या झाल्या होत्या. वही उघडली की आभाळ उघडल्यासारखं वाटायचं.

दिवाळीआधीच्या परीक्षेत तिला केमिस्ट्रीत काठावर मार्क पडले. यांनी वही चाळली आणि ते मला म्हणाले, "अवं, तूच पाहत जा ना तिची केमिस्ट्री. घरात सायन्सचं माणूस असून आपण क्लासची फी भरून राहिलो."

तेव्हा सांगायची वेळ होती. कढईतलं तेलही तापलेलं नव्हतं, शेजारपाजारी कुणी नव्हतं. पण तेव्हाची मी काय म्हणाली? म्हणाली, "मला वाटलंच होतं, तुम्ही म्हणाल. क्लासवाल्यांना बेसिक येत नाही."

दुसऱ्या दिवसापासून मी शिक्षिका. लेक कॉलेजात गेली की मी तिचं गाईड घेऊन बसायची आणि दुपारी तीनपर्यंत जेवढं समजेल तेवढं, आणि न समजेल तेही, पाठ करायची. ती आली की हातात पट्टी घेऊन तिच्यासमोर. पट्टी कशाला होती मला आजवर माहीत नाही. 'मोल' नावाचं एक प्रकरण होतं. मी सांगितलं, "मोल म्हणजे किंमत, सोपं आहे. एक मोल पाणी म्हणजे अठरा ग्रॅम पाण्याची किंमत." लेक म्हणाली, "किंमत ग्रॅममध्ये कशी?" मी म्हणाली, "सोन्याची नसते का?" तिनं ते लिहून घेतलं. पोरगी फार आज्ञाधारक होती, हा तिचा दोष.

मग आलं ऑक्सिडेशन आणि रिडक्शन. बॅटरीचं प्रकरण. त्यात इलेक्ट्रॉन एकीकडून निघतात आणि दुसरीकडं जातात. कुठून निघतात आणि कुठं जातात, एवढंच विचारतात, पण त्याच्यावर पेपरात बरेच मार्क असतात. लेक म्हणाली, "आई, माझा नेहमी गोंधळ होते. ऑक्सिडेशनमध्ये इलेक्ट्रॉन येतात का जातात?"

मला ते येत होतं, अशी माझी मनापासून समजूत होती. मी तिला विचारलं, "जयस्तंभ चौकातून येताना चाचांच्या दुकानावर काय लिहिलंय?"

चाचा म्हणजे आमचे कापडवाले. वय झालेलं, मेंदी लावलेली दाढी. आमच्या साड्या त्यांच्याकडूनच. त्यांच्या दुकानावर लाल कापडात पांढऱ्या अक्षरांचा बोर्ड असायचा. पूर्वी तो आषाढात लागायचा, जेव्हा लग्नं नसतात, आणि कापूस विकला जायच्या हंगामात उतरायचा. त्या वर्षांत तो उतरायचाच नाही. हंगाम आला तरी गावचं गिऱ्हाईक यायचं नाही. पावसाला कंटाळून त्यातला 'न' पुसट झाला होता.

लेक म्हणाली, "रिडक्शन सेल."

"बस्स. रिडक्शन म्हणजे कमी होणं. साडीचा भाव कमी होतो. तसे इलेक्ट्रॉन कमी होतात, म्हणजे जातात. आणि ऑक्सिडेशन म्हणजे ऑक्सिजन मिळणं. मिळणं म्हणजे येणं. म्हणून ऑक्सिडेशनमध्ये इलेक्ट्रॉन येतात. आणि तुमच्या बॅटरीलाही सेलच म्हणतात की नाही?"

लेकीचा चेहरा उजळला. "अव माय! असं क्लासमध्ये कोणीच नाही सांगितलं."

कसं सांगणार? ते उलटं होतं. रिडक्शनमध्ये इलेक्ट्रॉन येतात, ऑक्सिडेशनमध्ये जातात. हे एक पान उलटलं असतं तर गाईडातच दिसलं असतं. पण दुपारचे तीन वाजले होते आणि मी तिथंच पुस्तक मिटलं होतं. शिवाय वीस वर्षांपूर्वी माझ्या पेपरात मी अगदी हेच, याच आत्मविश्वासानं लिहिलं होतं. आपल्या मार्कांचं कारण विचारायची तेव्हा कुणाला सवय नव्हती.

जानेवारीत क्लासची सराव परीक्षा झाली. लेक घरी आली ती चप्पल न काढता स्वयंपाकघरापर्यंत आली. केमिस्ट्रीत शंभरातून एकवीस. बॅटरीचा पूर्ण विभाग चुकला होता, पंधराच्या पंधरा. सरांनी तिचा पेपर माईकवर वाचून दाखवला होता: "हे पहा, ही पोट्टी बॅटरी उलटीच चालवून राहिली! इची गाडी घरून क्लासले येत नसन, क्लासहून घरी जात असन!" शंभर पोरं हसली. झोपलेली पण उठून हसली.

मी म्हणाली, "सरांची पद्धतच वेगळी असेल."

"आई," लेक म्हणाली, "मी बोर्डाचा पेपर देत नाही."

"असं एका परीक्षेनं..."

"एका नाही. तू क्लास न लावता केमिस्ट्री पास झाली. तुले कोणी शिकवाले नव्हतं, विहिरीवरून पाणी आणून तू पास झाली. मले क्लास आहे, गाईड आहे, वरून तू शिकवून राहिली, तरी एकवीस. माझ्यात डोकंच नाही, आई. देऊन काय करू?"

आणि ती रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. चहाबिहा.

त्या आठवड्यात मी काय काय केलं हे सांगते. तिला बदाम भिजवून दिले. तिच्या उशाखाली केमिस्ट्रीचं पुस्तक ठेवलं. देवाला नारळ बोलून झाला. सगळं केलं, एक वाक्य सोडून. ते ओठाशी आलं की मी स्वतःला सांगायची, आता सांगितलं तर पोरीचा आपल्यावरचा विश्वास उडेल, तिला आधाराची गरज आहे. स्वतःची लाज राखायला माणसाला किती चांगली चांगली कारणं सुचतात!

तेवढ्यात भाऊ आला, संत्र्याची अर्धी पिशवी घेऊन. संत्री सुपारीएवढी. "यंदा इतकीच," म्हणाला आणि लगेच विषयावर आला. "ताई, एक स्थळ हाये. पोरगा बिजलीच्या ऑफिसात हाये. वावर नाई, बगीचा नाई, काई नाई." त्या दिवसांत नवऱ्या मुलाचा पहिला गुण हाच सांगायचे, की त्याच्याकडं शेती नाही. आणि सांगणारा बगिच्याचा मालक. "मायासारखं नाई," तो हसून म्हणाला. मी संत्रं सोलत बसले.

"तिची परीक्षा आहे," मी म्हणाली.

"मले भाचीनं सांगतलं, ती पेपरले बसून नाई राहिली. बसली नाई तरी काय बिघडते? त्याईले बारावी झालेली पायजे."

"पास?"

"झालेली म्हनलं त्याईनं. वर्ष त झालं ना तिचं?"

मी अर्धं सोललेलं संत्रं परत पिशवीत ठेवलं. हे म्हणाले, "पाहून तर जाऊ द्या. पेपर दिला तर निकालापर्यंत थांबू, कॉलेजात पुढं शिकवू. नाही दिला तर मग घरी बसवून काय करणार?" ते बोलले त्यात वावगं काही नव्हतं. गणित सरळ होतं. पेपर दिला तर पुढं शिक्षण, नाही दिला तर वीजकंपनी.

रविवारी पाहायला येणार होते. शनिवारी हॉल तिकीट न्यायचा शेवटचा दिवस होता, दुपारी दोनपर्यंत. लेक ते आणायला गेली नव्हती. आणि मी तेव्हा काय करत होते? शनिवारी सकाळी तिला घेऊन चाचांच्या दुकानात गेले. पाहण्याच्या कार्यक्रमासाठी नवी साडी घ्यायला.

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गावचं नसेल, पण शहरातल्या बायका बोर्ड वाचून तुटून पडल्या होत्या. एकीच्या हातातली साडी दुसरी ओढत होती. चाचा गादीवर उभे राहून घडी मोडत होते. आम्हाला पाहून त्यांनी पोराला हाक मारली, "बाईले जागा दे रे! बैठो बाई, बैठो. बेटी, तुम बी बैठो. काय दाखवू?"

"चाचा, आज फार गर्दी," मी म्हणाली.

"होय ना बाई. मागच्या हप्त्यात बोर्ड काढला होता, धुवाले दिला. आठ दिवस माशा मारत बैठा. कल वापस लावला, आज पाहा. भाव खाली आला का गिऱ्हाईक अंदर येते. भाव वर गेला का सब भायेर." त्यांनी एक मोरपंखी साडी अंगावर घेऊन दाखवली. "हे पाहा, बेटीच्या रंगावर."

मी साडीचा काठ उलटून पाहत होते. लेक साडीकडं पाहतच नव्हती. ती दाराकडं पाहत होती, आत घुसणाऱ्या बायकांकडं. मग हळूच म्हणाली, "भाव कमी होते तेव्हा आत येतात."

"कोण?"

"आई. रिडक्शनमध्ये भाव कमी होते. पण दुकानात माणसं वाढतात. कॉपरवर प्लस दोन लिहिलेलं असते, ते शून्यावर येते. कसं येते? दोन इलेक्ट्रॉन आत येतात म्हणून. रिडक्शनमध्ये इलेक्ट्रॉन येतात, आई! जात नाहीत. सर हेच सांगत होते. तू उलटं शिकवलं."

मी तेव्हाही पट्टीवाल्या शिक्षिकेसारखी म्हणाली, "असं कसं? मी बारावीच्या पेपरात असंच लिहिलं होतं."

"मग तुझे मार्क नाही कटले?"

समोरची बाई गुलाबी साडी ओढत होती, तिची बहीण दुसरं टोक ओढत होती, आणि मधे आम्ही. त्या गर्दीत मला वाटलं, इथं खोटं बोललं तर कुणाला ऐकू पण येणार नाही. पण लेक माझ्या तोंडाकडं पाहत होती. ती एवढी आज्ञाधारक पोरगी, जे सांगेन ते लिहून घेईल. आणि उद्या पाहुण्यांसमोर बसेल.

"कटले ना," मी म्हणाली.

"किती?"

"बरेच."

"किती पडले होते तुला केमिस्ट्रीत?"

"अठ्ठावीस."

"पन्नासातून?" चाचांनी घडी घालता घालता विचारलं.

"शंभरातून," मी म्हणाली. गुलाबी साडीच्या दोन्ही बहिणींनी ओढाओढ थांबवली.

"मतलब फेल," चाचा म्हणाले. वाईट हेतूनं नाही. त्यांना हिशेब पूर्ण करायची सवय होती.

लेक उठली. मला वाटलं रडेल, नाही तर गळ्यात पडेल. आम्ही बायका असल्या प्रसंगाची फार तयारी करून ठेवतो. ती चिडली. भर दुकानात. "मी तीन महिने स्वतःले ठोंबी समजून राहिली! तीन महिने! तुले एक वाक्य सांगता नव्हतं येत? 'पोरी, मी नापास हाये,' इतकं? मी रोज रात्री देवाले म्हणत होती, मले आईसारखं डोकं दे!"

"मग देवानं ऐकलं," मी म्हणाली. जीभ आहे, काय करणार. तिला हसू आलं आणि राग आणखीच आला.

"घड्याळात किती वाजले?" तिनं चाचांना विचारलं.

"सव्वा एक, बेटी."

ती निघाली. मी मागं धावले. रिक्षात ती रिक्षावाल्याला लवकर चला म्हणत राहिली. कॉलेजच्या फाटकापाशी उतरताना मी पैसे देत होते, ती आत धावत गेली. दोनला दहा कमी असताना हॉल तिकीट तिच्या हातात होतं. त्यावरचा फोटो इतका वाईट आला होता की ती माझ्यासारखीच दिसत होती.

संध्याकाळी यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे बारावी पास झालेला मीच एकटा आहे का या घरात?" ते बी.कॉम. होते. तेव्हापासून ते घरात जरा ताठ चालू लागले. भावाला फोन करून मी रविवार पुढं ढकलला. "निकाल लागू दे," मी त्याला म्हणाली, "मग तू म्हणशील तसं."

पुढचे सहा आठवडे घरात उलटी शाळा भरली. लेक शिकवायची आणि मी विद्यार्थिनी. तिनं शोधून काढलं होतं की आईला समजेपर्यंत सांगितलं की आपलं पक्कं होते. आणि मला समजायला फार वेळ लागायचा. एकेक गोष्ट तिला चार-चारदा सांगावी लागायची. मी मठ्ठ होते, हा पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगाचा गुण निघाला. ती माझी परीक्षा पण घ्यायची. एकदा मी तिच्या पेपरात चाळीस मार्क काढले, तर रात्रभर झोप नाही आली. ती मेली म्हणाली, "वाढवून दिले, हुरूप याले."

बोर्डाचा केमिस्ट्रीचा पेपर मार्चच्या पहिल्या उन्हात होता. सेंटरबाहेर पालक झाडाखाली बसले होते. कुणी अंगारा आणला होता, कुणी ग्लुकोज. नांदगाव खंडेश्वरहून आलेला एक बाप पोराची पाण्याची बाटली छातीशी धरून तीन तास उभाच होता. मी त्याला म्हणाली, "बसा ना." तो म्हणाला, "नाई, आंग मोडते बसलं का." मी पण उभी राहिले.

लेक बाहेर आली. घामाघूम. "बॅटरीचा प्रश्न आला होता," म्हणाली.

"मग?"

"तो झाला. पण ऑर्गॅनिकचा एक पूर्ण सोडून द्यावा लागला. आणि घड्याळ पाहायचं राहिलं." मी जास्त विचारलं नाही. मला केमिस्ट्रीत काय कळतं?

निकालाच्या दिवशी सासूबाई अकोल्याहून मुद्दाम आल्या होत्या. नातीचा निकाल त्यांना त्यांच्याच डोळ्यांनी पाहायचा होता. हे इंटरनेटच्या दुकानातून कागद घेऊन आले. सगळ्या विषयांत पास. केमिस्ट्रीत पंचेचाळीस. फार नव्हते. मेडिकलवाल्यांच्या घरी त्या मार्कांना रडले असते. आमच्या घरी मी पेढे वाटले.

सासूबाईंनी पेढा तोंडात टाकला, नातीच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आईवर गेली माही नात. सायन्स रक्तातच हाये."

पेढ्यांचा पुडा माझ्या हातात होता. लेकीनं माझ्याकडं पाहिलं. चार-पाच सेकंद वाट पाहिली असेल तिनं. मी पुड्याचा दोरा गुंडाळत बसले, तशी तीच म्हणाली, "आजी, आईवर नाही गेली मी. आईच्या पुढं गेली. सतरा मार्कानं."

"म्हंजे? तुह्या मायले किती होते?"

आता माझीच पाळी होती. पुडा खाली ठेवला आणि सांगितलं. आकडा सांगितला, नापास सांगितलं, कागदावर काय लिहिलं होतं आणि काय नव्हतं तेही सांगितलं. उभ्यानंच. सासूबाईंच्या तोंडातला पेढा तसाच थांबला.

"पास व्हाले किती लागतात व?" त्यांनी विचारलं.

"पस्तीस."

त्यांनी बोटाच्या पेरांवर मोजलं. दोनदा मोजलं. "सातच कमी होते त! सात मार्कासाठी वीस वर्स लपवून ठेवलं? मले सांगतलं असतं त मी काय कोनाले सांगत होती?"

आणि हात पुसून त्या फोनपाशी गेल्या. अकोल्याला धाकट्या दिराकडं लावला. "हालो! हो, निकाल लागला. ऐक, आपली मोठी सून नापास हाये! नाई रे बाप्पा, पोट्टी पास झाली. सून! सून नापास! हो, सायन्सनं!" मग त्यांच्या बहिणीकडं लावला. मग गल्लीतल्या एकीकडं, जिच्या घरी नव्यानं फोन आला होता.

लेक तोवर वडिलांच्या स्कूटरवर बसून बी.एस्सी.चा फॉर्म आणायला निघूनही गेली. जाताना मला सांगून गेली, मामाला कळव, त्या लोकांना नाही म्हणून सांग. मला तेवढंच काम होतं. पण संध्याकाळपर्यंत फोन काही मोकळा झाला नाही.